पाळत न ठेवणारा ब्राउझर

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज कॉम्प्युटरनं मला पुरुष ठरवलं.

सकाळी उद्याचं हवामान बघायला बसले, तर तापमानाच्या शेजारी एक स्वेटर. पुरुषांचा, बाटली-हिरवा, माप बेचाळीस. म्हटलं, असेल. शब्दकोडं उघडलं, तर आडव्या शब्दांच्या डोक्यावर तोच स्वेटर, या वेळी निळ्या रंगात. वैतागून गुडघेदुखीवरचा लेख उघडला, तिथं दाढीचं मशीन! पाण्यात भिजलं तरी चालतं म्हणे. चालू दे. मी बाई आहे, बासष्ट वर्षांची, आणि माझ्या हनुवटीचं काय ते माझं मी बघून घेईन.

धाकट्या बहिणीला हाक मारून दाखवलं. ती टोस्टला लोणी लावत होती. लांबूनच म्हणाली, "ताई, चुकून कुठंतरी बोट लागलं असेल तुझं."

माझं बोट? सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, शेवटची वर्षं तर सुपरवायझर म्हणून. अख्ख्या शहराच्या लाइनी या बोटांनी जोडल्या, एकाही नवऱ्याला दुसऱ्याची बायको लागली नाही. आणि कानावर काही पडलं तर कान काढून घ्यायचे, हा आमचा नियम. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी तेच सांगायची: लाइन लागली की आपण तिथं नसतो.

आणि इथं हे मेलं यंत्र माझ्याच घरात बसून माझ्यावर डोळा ठेवतंय, तेही चष्म्याशिवाय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन आले. मागच्या वर्षी आमच्या जुन्या मशीनवर लिनक्स घालून देणारा हाच. जुनी सिस्टीम इतकी मंदावली होती की सुरू करून आंघोळीला गेलं तरी परत येईपर्यंत हिचं आपलं चक्र फिरतंच आहे. लिनक्स आल्यापासून बरं चाललंय, हे मान्य केलं पाहिजे. त्याला मात्र तसं सांगितलं नाही, सांगितलं की ही माणसं फार बोलतात.

त्यानं समजावलं ते असं. आपण एखादं पान उघडलं की ते आपल्या मशीनवर एक चिठ्ठी ठेवून जातं. दुसऱ्या पानावर गेलं की तिथले लोक ती चिठ्ठी वाचतात आणि त्याप्रमाणे माल दाखवतात.

"म्हणजे घरातल्या कुणीतरी स्वेटर बघितला असणार, मावशी."

"घरात आम्ही दोघी बहिणी. आणि दोघींनाही दाढी नाही."

त्यानं विषय बदलला. मग म्हणाला, पाळत ठेवू न देणारे ब्राउझर असतात, त्यातला एक घाला. चिठ्ठ्या फेकून देतो, जाहिराती अडवतो. लिनक्सवर घालणं सोपं आहे, सगळं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलंय. 'सोपं आहे' म्हणणाऱ्या माणसाकडून मला लेखी घ्यायला हवं होतं.

जेवताना धाकटीला हे सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आपण काय काय बघतो ते दिसतं?"

"सगळं."

"कुणाला?"

"जगाला! आज स्वेटर, उद्या आणखी काय काढतील."

नंतर ती ताटली घासत बसली ती घासतच बसली. बरं वाटलं मला. खासगीपणाची चाड असणं हल्ली दुर्मीळ झालंय. आई गेली तेव्हा ही शाळेत होती, तेव्हापासून मीच वाढवली. संस्कार कुठंतरी दिसणारच.

संध्याकाळी वाचनालयातल्या नोकरीवरून उशिरा आली. चष्म्याची काडी सैल झाली होती म्हणून चष्मेवाल्याकडे गेली होती. गेल्या आठवड्यातही तेच. त्या माणसाला स्क्रू पिळता येत नाही की काय, देव जाणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळ फुकट.

धाकटी बाहेर गेली तशी मी कंबर कसून बसले. लिनक्समध्ये प्रोग्रॅमचं दुकान असतं, तिथं हा ब्राउझर शोधला. नाही. त्याच्यासारख्या नावाचा एक खेळ होता, त्यात बेडूक उड्या मारतात. मग त्यांच्या वेबसाइटवर गेले. तिथं लिहिलंय, 'टर्मिनल उघडा आणि खालच्या ओळी टाका.' टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात एक पांढरी काडी उघडझाप करत आपल्याकडे बघत बसते. ना बटण, ना चित्र, ना 'या, बसा'.

ओळ तिकडून उचलली, इकडे चिकटवायला कंट्रोल आणि व्ही दाबले, तर तिथं टोपीसारखी एक खूण आणि एक व्ही उमटला. परत केलं, परत टोपी. पाच-सहा टोप्या झाल्यावर कुठंतरी वाचलं की या खिडकीत चिकटवायला शिफ्टचं बटणही दाबावं लागतं. का? बाकी सगळ्या जगात एक रीत आणि या काळ्या खिडकीचा वेगळा मान?

शेवटी ओळ बसली. तिची सुरुवात 'सुडो'नं होते, म्हणजे मालकाच्या अधिकारानं हुकूम सोडायचा. यंत्रानं पासवर्ड मागितला. मी टाइप करायला लागले तर पडद्यावर काहीच दिसेना. अक्षर नाही, ठिपका नाही. वाटलं कीबोर्ड गेला. उलटा करून झटकला, त्यातून टोस्टचा चुरा पडला, बाकी काही नाही. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. "दिसत नाही तसंच असतं, मावशी, टाइप करत राहा." म्हणजे हे लोक इतके खासगी की माझा पासवर्ड मलाच दाखवत नाहीत!

आंधळ्यासारखा टाइप केला, एंटर मारलं. आणि उत्तर काय आलं? इंग्रजीत होतं, पण मला इंग्रजी येतं. 'हे खातं अधिकाऱ्यांच्या यादीत नाही. या घटनेची नोंद वरती कळवली जाईल.'

घटना! माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, माझ्या मशीनपुढं मी बसते ही घटना! आणि कळवणार कुणाला? मी उठून खिडकीचा पडदा ओढला. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन परत उघडला.

रविवार, ९ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाल्याचं दुकान बंद. अजून कुणी चौकशीला आलेलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

घटनेची नोंद मशीनच्या पोटातच होते, कुणी येत नाही, असं कॉम्प्युटरवाला म्हणाला. हसू दाबत होता, फोनवरून ऐकू येतं मला, तो धंदाच होता माझा.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. या मशीनचे सगळे अधिकार धाकटीच्या खात्याला आहेत. का, तर मागच्या वर्षी मशीन पिशवीत घालून दुकानात तिनं नेलं, म्हणून त्यानं मालक म्हणून तिचं नाव घातलं आणि मला 'ताई' नावाचं पाहुण्यासारखं एक खातं दिलं. वर्षभर मी पाहुणी होते आणि मला पत्ता नाही! धाकटीला विचारलं तर म्हणते, "मला वाटलं तुला माहीत आहे. मी तर माझं कधी उघडतसुद्धा नाही. तुझं सकाळपासून चालू असतं, त्यातच बसते." मालकीणबाई पाहुण्यांच्या खोलीत राहतात.

संध्याकाळी तिनं तिचं खातं उघडून दिलं. पासवर्ड टाइप करताना मी मान फिरवली, नियम तो नियम. किती लांब पासवर्ड तो, संपेचना. एका खात्याला काय करायचाय एवढा मोठा?

मग मी ओळी टाकल्या. पहिली झाली. दुसरी झाली, तिनं कसलीशी किल्ली उतरवून घेतली. तिसरी लांबलचक, ती झाली. चौथी फक्त याद्या ताज्या करणारी दिसली, ती मी सोडली, उगाच वेळ कशाला घालवा. पाचवीला उत्तर आलं, 'असं काही पॅकेज सापडत नाही.' परत टाकली. सापडत नाही. मोठ्या अक्षरांत टाकली. नाही.

"ताई, चौथी ओळ राहिली का गं?" धाकटी मागून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस, माझं लक्ष जातं."

ती थोड्या वेळानं पर्स घेऊन निघाली. परत काडी सैल! आता मात्र हद्द झाली. कॉम्प्युटर राहू दे बाजूला, आधी त्या चष्मेवाल्याकडे बघते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बघून आले.

दुकान लहान आहे, पण स्वच्छ. भिंतभर रिकाम्या फ्रेमी, शंभर माणसं डोळ्यांविना आपल्याकडे बघतायत असं वाटतं. काउंटरमागे हा. साठीच्या आतबाहेर, केस विरळ, बोटं बारीक. मी माझं नाव सांगितलं, कुणाची बहीण ते सांगितलं. तो एकदम उभा राहिला आणि गुडघा काउंटरवर आपटला.

"बसा ना, ताई."

"बसायला आले नाही. काय माणूस आहात हो तुम्ही? एक काडी धड बसवता येत नाही? माझी बहीण भोळी आहे, तोंडातून शब्द काढणार नाही. आठवड्यातून दोनदा तिला इथं खेपा घालायला लावता! दुसरं कुणी असतं तर दुकान बदललं असतं."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल. "चूक झाली," म्हणाला. "आता... आता घट्ट बसवतो."

"बसवाच. आणि परत तिला यायला लागता कामा नये."

बिचाऱ्यात काही दम नाही. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. अंगात स्वेटर, बाटली-हिरवा. हुबेहूब जाहिरातीतला!

"तुमच्याही मागे लागले वाटतं?" मी विचारलं.

"कोण?"

"हे स्वेटरवाले. एकदा पाहिलं की पाठ सोडत नाहीत. तुम्ही शेवटी घेतलात, मी घेणार नाही."

"नाही, हा... मला भेट मिळालाय."

"कुणी का दिलेला असेना, मापात नाही. बाह्या बघा कुठं आल्यात."

त्यानं बाह्या दुमडल्या. मग मला बसवून माझा चष्मा हातात घेतला, काचा पुसल्या, नाकावरची पट्टी सरळ केली. पैसे घ्यायला तयार होईना. मी त्याला पाळत न ठेवणाऱ्या ब्राउझरबद्दल सांगितलं, कागदावर नावही लिहून दिलं. चष्मा मात्र खरंच छान बसलाय. म्हणजे काम येतं माणसाला, मग हिच्याच चष्म्याशी का खेळत बसतो?

शनिवार, १५ फेब्रुवारी

बसला! चौथी ओळच राहिली होती. कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, मी टाकली, याद्या ताज्या झाल्या, पाचवीनं विचारलं, 'पुढं जायचं का, हो की नाही?' हो तर हो. काळ्या खिडकीतून पांढऱ्या ओळींचा लोंढा धावत वर गेला आणि एकदम थांबला. परत ती काडी, उघडझाप. मी जागची उठून टाळी वाजवली. धाकटी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी पडले.

"झालं? म्हणजे आता आपण काय बघतो ते कुणालाच कळणार नाही?"

"कुणालाही नाही," मी अभिमानानं म्हटलं.

"बरं झालं गं," म्हणाली, आणि मला मिठी मारली. ही काही मिठ्या मारणारी मुलगी नाही. एका ब्राउझरवरून एवढा उमाळा!

ती वाचनालयात गेल्यावर मी माझ्या खात्यात जाऊन तो उघडला. त्यानं अदबीनं विचारलं, जुन्या ब्राउझरमधलं सगळं इकडे आणू का? मला माझं शब्दकोडं, हवामान, सगळी ठेवणीतली पानं हवी होती, म्हटलं आण. आणलं. सगळं पांढरं, शांत, एक जाहिरात नाही. स्वेटर गेला, दाढी गेली. मी जिंकले.

मग कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलेलं 'लिनक्सवर ब्राउझर कसा अद्ययावत ठेवावा' हे शोधायला वरच्या पट्टीत 'ल' टाइप केला. नुसता 'ल'. वेलांटी द्यायच्या आत त्यानं खाली आपणहून ओळ दिली:

'लग्न नोंदणी कार्यालय, पन्नाशीनंतर, लागणारी कागदपत्रं.'

मी म्हटलं, घ्या! इथंही जाहिरात! मग लक्षात आलं, यानं तर जाहिराती अडवल्यात. ही ओळ बाहेरून आलेली नाही. जुन्या ब्राउझरमधून उचलून आणलेली आहे. इथंच, या खुर्चीवर बसून, या कीबोर्डवर कुणीतरी टाइप केलेली.

आणि या घरात टाइप करणाऱ्या दोघीच.

त्या ओळीखाली आणखी ओळी होत्या. एक बटण दाबलं असतं तर महिन्याभराचं सगळं ओळीनं दिसलं असतं. तारखेसकट, वेळेसकट. मी हात मांडीवर ठेवले. बराच वेळ तसेच ठेवले. मग सगळी जुनी नोंद पुसून टाकायचं बटण शोधलं आणि दाबलं. त्यानं विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, हो. मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या घरात.

रविवार, १६ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ती भांडी विसळताना गुणगुणते. केव्हापासून गुणगुणते? आधीही गुणगुणायची का आणि मी ऐकलं नव्हतं?

विचारायचं नाही. लाइन लागली की आपण तिथं नसतो. पण तेव्हा माणसं अनोळखी होती. त्यांच्या ताटात मी वाढत नव्हते, त्यांच्या तापात रात्र जागत नव्हते.

कोण असेल? वाचनालयाचे प्रमुख? त्यांना बायको आहे, शिवाय तोंडाला वास येतो. तो वर्तमानपत्रं शिवणारा? तो तर तिच्याहून वीस वर्षांनी लहान. दुसऱ्या कुणासाठी माहिती काढत असेल, वाचनालयात लोक काय वाट्टेल ते विचारतात. हो, तसंच असणार. पण मग मिठी कशाला मारली?

आज जेवताना मी तिला तीन वेळा टाकून बोलले. आमटी खारट म्हटलं, नव्हती.

ब्राउझर उत्तम चाललाय. कुणी मला काहीही दाखवत नाही. शब्दकोड्याच्या शेजारची जागा रिकामी असते आणि तिकडेच माझं लक्ष जातं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, हे इथं लिहून ठेवते.

दुपारी मी मशीनपुढं बसले होते. ती मागं येऊन उभी राहिली. "ताई, जरा बोलायचंय."

"बोल ना, मी ऐकतेय. हे बघ, आता यानं किती चिठ्ठ्या फेकल्या त्याचा आकडा दाखवतो, बघ, नुसत्या सकाळपासून—"

"ताई."

"—आणि तो कॉम्प्युटरवाला म्हणत होता की—"

तिनं पुढं होऊन पडद्याचं बटण बंद केलं. आजवर या घरात माझं बटण कुणी बंद केलं नव्हतं.

"मी लग्न करतेय," ती म्हणाली. "चष्मेवाल्याशी."

मला आधी खरंच कळेना. "कुठल्या चष्मेवाल्याशी?"

"आपल्याला किती चष्मेवाले माहीत आहेत?"

मग एकेक समोर यायला लागलं. सैल काडी. आठवड्यातून दोनदा. गुडघा आपटला तो. स्वेटर! मी कपाळावर हात मारला. "तो स्वेटर तू दिलास?"

"हो. आणि तू जाऊन त्यांना बाह्या लांब आहेत म्हणून सांगितलंस." ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "त्यांनी मला सगळं सांगितलं, परत यायला लागता कामा नये म्हणालीस ते. आम्ही इतके हसलो त्या दिवशी!"

आम्ही. या घरात 'आम्ही' म्हणजे ती आणि मी. दुसरा अर्थ कधी नव्हताच या शब्दाला.

"सगळं जग हसून झाल्यावर मला सांगतेस," मी म्हटलं. "मी तुझ्यापासून काय लपवलं आजपर्यंत?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"मी कुणाच्या खासगीत डोकं घालत नाही. तत्त्व आहे माझं."

"माहीत आहे. तू विचारत नाहीस. पण ताई, तू सांगूही देत नाहीस. वर्षभर मी सुरुवात करते आणि तू मध्ये बोलतेस. तुझी लाइन कायम एंगेज."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं, कारण उघडलं असतं तर तिचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

"मग जा," एवढंच म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कोण कुठला चष्मेवाला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली दुकान. बायको जाऊन दहा वर्षं झाली म्हणे. हे दाराबाहेरून सांगत होती. मी दार उघडलं नाही.

मला आता एकटीला राहावं लागणार म्हणून मी हे लिहीत नाहीये. एकटं राहण्याचं मला काही नाही. टोस्ट दोन ऐवजी एक भाजायचा, एवढाच फरक. माझं म्हणणं फक्त पद्धतीबद्दल आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पद्धतीबद्दल तिला आज ऐकवायला गेले. ती कपाट आवरत होती. तिचे कपडे एका बाजूला, माझे दुसऱ्या. मधे एक करड्या रंगाची शाल, ती नेमकी कुणाची हे आम्हा दोघींनाही आठवेना.

मी पलंगावर बसले. म्हटलं, "सांग."

"काय सांगू?"

"जे वर्षभर सांगायचं राहिलंय ते."

आणि मी गप्प बसले. फार जड गेलं, इथं लिहायला हरकत नाही. ती सांगत गेली. वाचनालयात ते मोठ्या अक्षरांची पुस्तकं न्यायला यायचे, कुणा म्हाताऱ्या शेजाऱ्यासाठी. शेजारी वारले तरी येत राहिले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. चष्म्याची काडी पहिल्यांदा खरंच सैल झाली होती. दुसऱ्यांदा तिनं स्वतः केली, केसांच्या पिनेनं. माझी बहीण, केसांच्या पिनेनं! त्यांना बोलताना मध्येच थांबायची सवय आहे, पुढचा शब्द शोधत. "मला आवडतं ते," ती म्हणाली. "तेवढ्यात मी बोलते."

दोनदा मला मध्ये बोलायचं होतं. ओठ दाताखाली धरला. बाहेर अंधारायला लागलं तरी दिवा लावायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. शाल तिला देऊन टाकली.

रविवार, ९ मार्च

परवा नोंदणी झाली. कार्यालयात अर्ध्या तासाचं काम, कारकुनाचं पेन चालेना म्हणून पाऊण तास लागला. पेन बदलायला काय होतं या माणसांना? मी साक्षीदार म्हणून सही केली, खाली नाव स्वच्छ लिहिलं.

आज तिचं सामान पोचवलं. दोन पेट्या, एक गादी, पुस्तकांची तीन खोकी. जिना इतका अरुंद की खोकं आधी वर जातं की आपण खाली, हेच कळत नाही. कठडाही हलतो. मी त्यांना सांगितलं, कठडा आधी नीट करा. "करतो," म्हणाले, आणि थांबले. पुढचा शब्द शोधत असावेत. मी वाट बघितली. "बरं झालं... तुम्ही आलात," म्हणाले.

मग चहा त्यांनी स्वतः केला. चहा फार वाईट. साखरेला काही सुमार? मी बोलले नाही. पूर्ण कप प्यायले. धाकटी माझ्याकडे बघत होती आणि तिला कळलं होतं. तीही बोलली नाही.

निघताना ती माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. तिथला दिवा चालू-बंद होतोय, कुणी लक्ष देत नाही, हे मी तिला सांगितलं. कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली, माझ्या कॉलरचा एक धागा काढला आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

हे वाक्य आजवर मी म्हणायची. शाळेची सहल होती तेव्हा, नोकरीच्या पहिल्या दिवशी, प्रत्येक वेळी मीच. चार गल्ल्यांचं अंतर, पोचायला काय होतंय मला! असं काहीतरी म्हणणार होते.

"करते," म्हटलं.

घरी आले, चपला काढल्या, फोन लावला. "पोचले." तिनं विचारलं, जेवलीस का. मी विचारलं, कठडा बघितला का त्यांनी. मग ती सांगायला लागली, पेट्या कुठं ठेवल्या, खिडकीतून काय दिसतं, ते आता खाली दुकानात स्क्रू-ड्रायव्हर शोधतायत. मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. ती सांगत राहिली, मी ऐकत राहिले.